शिट्टी ऐकू येईल एवढंच पाणी

१४ मार्च

रॉइस,

जांभळी काठी मी पाठवणार नाही.

तुझं कार्ड मिळालं. पुढे फ्लोरिडाचा नारिंगी सूर्य आणि मागे तुझ्या हातचं एवढंच: "जांभळी काठी पाठव. नळीत घालून." इतक्या महिन्यांनी नवऱ्याचं कार्ड यावं आणि त्यात ना बायकोची विचारपूस, ना बापाची. चौकशी कुणाची, तर गळाच्या काठीची. पॉपना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काठी चांगली आहे ती. मीही तीच मागितली असती."

फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. पत्रही तू अर्ध्यात ठेवून देशील, पण निदान ते मला ऐकू येणार नाही.

ऑक्टोबरात तू म्हणालास, "दोन दिवसांची स्पर्धा आहे, रविवारी येतो." पायांनी चालवायची नवी कयाक होडी गाडीवर चढवलीस. वल्ह्याची जुनी ठेवलीस गॅरेजात भिंतीला टेकवून, आणि बापाला पडवीत खुर्चीवर. रविवार कुठला, ते मी विचारलं नाही. तेवढी चूक माझी.

पॉपचा डावा पाय लकव्याच्या झटक्यानंतर होता तसाच आहे, फरपटतो. जीभ मात्र अगदी ठणठणीत. अंघोळ, गोळ्या, संडासला नेणं, सगळं माझ्याकडे. मी गॅरेजात लोकांच्या बोटींच्या गाद्या शिवत बसते आणि दर थोड्या वेळाने मशीन थांबवून कानोसा घेते. परवा तुझी ती जुनी कयाक आडवी येत होती म्हणून ओढायला गेले, तर पडवीतून आवाज आला, "ओढायचीच असेल तर पाण्यापर्यंत ओढ. जमिनीवर ती गाढवासारखी वागते."

"मला कुठे येते चालवायला?"

"रॉइसला तरी कुठे येत होती? तीन वेळा उलटला तो. तू दोनदा उलटलीस तरी आम्हाला अभिमान वाटेल."

एकदाच उलटले. म्हणून काठी मिळणार नाही.

लावॉन


५ एप्रिल

रॉइस,

तुझं लाइफ जॅकेट मला दोन माप मोठं होतं. बाजूंनी उसवून, आत घेऊन शिवलं. आता ते तुला होणार नाही.

त्याच्या खांद्याला ती नारिंगी शिट्टी होती, बुडायला लागलं तर वाजवायची. ती मी काढून पॉपच्या गळ्यात घातली. एक लांब शिट्टी म्हणजे सवडीने ये, दोन आखूड म्हणजे आत्ताच. मग मी वल्हवत निघाले आणि ते वाजवत राहिले. तळ्याच्या आपल्या फाट्याच्या तोंडाशी हॉलिसांची लाल बोटशेड आहे ना, तिच्या अलीकडे शिट्टी ऐकू येते. तिच्यापुढे मोठं तळं सुरू होतं, वारा असतो, मोटरबोटी असतात, आणि शिट्टी कुठेतरी विरून जाते. मी तिथून परत फिरले.

तर हे माझं पाणी. शिट्टी ऐकू येईल एवढंच. सात धक्के, एक पडलेला सायप्रस, मिस जूलीनच्या घरासमोरची कमळपानं आणि शेडजवळचा पाणगवताचा गालिचा. तू याला पोरांचं डबकं म्हणायचास.

पहिला बास मासा मिळाला तो तिसऱ्या धक्क्याच्या सावलीत. रबरी अळी, गळाचं टोक अळीच्याच अंगात लपवलेलं, म्हणजे खुंटांत अडकत नाही. हे पॉपनी शिकवलं. दुर्बीण डोळ्याला लावून ते पडवीतून ओरडत होते आणि मिस जूलीन आपल्या अंगणात कपडे वाळत घालता घालता सगळं ऐकत होती.

"काठी बाजूला नको धरू पोरी. नाकाकडे धर, होडीच्या नाकाकडे. बाजूला ओढलास तर तो तुला पाडेल."

"तो मला ओढतोय पॉप."

"ओढू दे. होडी आहे ती, घर नाही."

मासा होता हातभरही नाही, पण मला त्याने अख्ख्या धक्क्याभोवती फिरवलं. मी हसत होते, रॉइस. माझं हसणं मला ओळखू आलं नाही, एवढे दिवस झाले होते.

तुझी एक गोष्ट मात्र कळली नाही. वल्ह्याला दोरी, चिमट्याला दोरी, पेटीला दोरी, काठ्यांना दोरी. होडी उलटली तरी काही हरवू नये म्हणून तू एकूण एक वस्तू होडीला बांधून ठेवली होतीस. फक्त स्वतःला काही बांधलं नाहीस.

लावॉन


२२ मे

रॉइस,

तुझं दुसरं कार्ड आलं. "तोंड उघडं होतं. म्हणून पाव इंच कापला. हनुवटीखाली बोट दे."

म्हणजे तू बघतोस तर. राज्याच्या कयाक क्लबच्या यादीत माझं नाव दिसलं, माझ्या माशांचे फोटो बघितलेस आणि त्यावर बोलावंसंही वाटलं. बायकोशी बोलायचं तर मधे मासा पाहिजे, हे आधी माहीत असतं तर लग्नातच एक घेऊन उभी राहिले असते.

मला पॉपनीच सांगितलं की आता घरबसल्या खेळता येतं. महिनाभर राज्यातल्या कुठल्याही पाण्यात मासेमारी करा, मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवा, फोनने फोटो काढून पाठवा आणि मासा पाण्यात सोडून द्या. कुठल्याही पाण्यात म्हणजे माझ्याही. लांबीवर गुण. हंगामाच्या अखेरीस पहिले तीस जण ऑक्टोबरात गंटर्सव्हिलच्या मोठ्या तळ्यावर अंतिम फेरीला जातात.

पहिला चांगला मासा मी घालवला. फळी मांडीवर आडवी, मासा तिच्यावर, डोकं डावीकडे, सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं. मासा गेला पाण्यात. शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. मग फोटो बघते तर क्लब दर महिन्याला नवा आकडा देतो, त्याचं कार्ड फोटोतच नाही. ते माझ्या खिशात. त्या कार्डाशिवाय मासा म्हणजे थाप. पडवीत येऊन रडले.

"सगळ्यांचं होतं," पॉप म्हणाले. "मासा सोडल्यावरच कार्ड आठवतं. आता मनगटाला बांध."

आता बांधलंय. तुझीच सवय लागली.

तुला खरं सांगू का, मला गंटर्सव्हिलला जायचंय. जिंकायला नाही. तिथलं पाणी एवढं रुंद आहे म्हणतात की पलीकडचा काठ सकाळी दिसतच नाही. मला असं पाणी बघायचंय ज्याचा काठ दिसत नाही. पण त्यासाठी पॉपजवळ कुणीतरी दोन-तीन दिवस राहायला पाहिजे. ते कोण, हे तू ओळख.

लावॉन


१७ जुलै

तू उत्तर दिलं नाहीस. कार्डसुद्धा नाही. या महिन्यात माझ्या माशांची तोंडं मिटलेली होती बहुतेक.

उकाडा असा की गाद्यांचं रेक्झिन हाताला चिकटतं. पॉप दुपारी चिडतात. काल त्यांनी मक्याच्या लापशीचा वाडगा ढकलून दिला. म्हणाले, "ही काय खायची वस्तू आहे? रॉइसची आई असती तर..." मी म्हटलं, "रॉइसची आई असती तर तिने तुम्हाला तळ्यात ढकललं असतं." मग मी जमीन पुसली. खाली वाकलेली असताना ते वरून म्हणाले, "असतं खरं."

दगडाखाली हात सापडलाय माझा, रॉइस. दुसरा शब्द मला सुचत नाही. दगड वाईट आहे असंही नाही. तो मला मासे शिकवतो, माझ्यावर ओरडतो, कधी पोरी म्हणतो. पण हात काढता येत नाही तो नाहीच. किराणा आणायला जायचं तर मिस जूलीनला विनवायचं. ती दाराशी उभी राहून म्हणते, "देव ज्याला झेपतं त्यालाच देतो गं बाई." देवाने रॉइसला काय दिलं ते मी तिला विचारलं. तेव्हापासून ती भाजलेली भेंडी आणत नाही.

आज पहाटे मी लाल शेडच्या पुढे गेले.

हे पॉपना माहीत नाही. वारा पडलेला होता, मोठं तळं अगदी आरशासारखं. मी वल्हवत राहिले. मागे वळून बघितलं नाही. कानांत फक्त वल्ह्याचं पाणी. वाटलं, असंच पुढच्या पुलापर्यंत जावं, तिथे कयाक काठावर ओढावी, आणि रस्त्याने चालायला लागावं. तू असंच केलंस का? एवढं सोपं होतं का ते? मग एकदम मनात आलं, आत्ता जर ते वाजवत असतील आणि मला ऐकूच येत नसेल तर? मी अशी काही परत फिरले की हाताला फोड आले.

ते गाढ झोपले होते. तोंड उघडं, शिट्टी उशीवर.

काही झालं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त राग मला याचा आला की काही झालं नव्हतं.

लावॉन


९ सप्टेंबर

रॉइस,

पॉप पडले. खुबा मोडलाय. आज ऑपरेशन झालं, दोन खिळे घातले, आता बरे आहेत. तुझ्या फोनवर निरोप ठेवलाय, पण तू निरोप ऐकत नाहीस, म्हणून कसं झालं ते लिहिते.

काल सकाळी धुकं होतं. पॉपना पडवीत बसवलं, कॉफी दिली, दुर्बीण दिली आणि मी शेडजवळच्या पाणगवताकडे गेले. यादीत मी चौतिसावी होते. एक मोठा मासा मिळाला तरच तिसांत. गवतावरून रबरी बेडूक ओढत होते, थांबत, पुन्हा ओढत. गवत फाटल्यासारखं झालं आणि बेडूक गेला.

पॉप म्हणतात तसं केलं. लगेच झटका दिला नाही. काठीला वजन लागू दिलं, मग झटका दिला. मासा सरळ गवताच्या मुळांत शिरला. मोठ्या बोटीतले लोक अशा वेळी ओढतात. आपण कयाकवाले ओढत नाही, आपण रीळ फिरवत स्वतःच त्याच्याकडे जातो. मी गेले. गवत कयाकवर चढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि त्याचा खालचा ओठ धरला.

आधी फळी ओली केली. मनगटाचं कार्ड पुढे घेतलं. डोकं डावीकडे, हनुवटीखाली बोट. साडेबावीस इंच. आपल्या फाट्यात, पोरांच्या डबक्यात. तीन फोटो काढले, मग त्याला पाण्यात धरून ठेवलं, तो कल्ले हलवून, ताजातवाना होऊन स्वतःहून गेला.

आणि मग मी तिथेच बसले. शिट्टी वाजली नव्हती. सारं शांत होतं. थर्मासमधली उरलेली कॉफी प्यायले, गवतावरचा बगळा बघितला. कितीतरी दिवसांनी मला कुठे जायची घाई नव्हती. मुद्दामच हळू वल्हवत परत आले.

पडवीत खुर्ची रिकामी होती. पॉप कठड्याशी पडले होते, पाय भलत्याच बाजूला वळलेला, चेहरा पांढरा, आणि शिट्टी मुठीत. दुर्बीण पायऱ्यांखाली.

"पॉप. हलू नका. हलू नका अजिबात."

"किती?"

"काय किती?"

"इंच किती, पोरी?"

"साडेबावीस."

"तोंड मिटलेलं?"

"मिटलेलं."

"कार्ड होतं फोटोत?"

"होतं पॉप, होतं."

"बरं. मग कर आता फोन."

मासा लागलेला दिसला म्हणून ते नीट बघायला उठले होते. कठडा धरून, एकटेच. मी मासा मोजत होते तेव्हा ते जमिनीवर होते. मी कॉफी पीत होते तेव्हाही.

लावॉन


२३ सप्टेंबर

रॉइस,

पॉप घरी आले. मी तिसांत आले, अठ्ठाविसावी. दोन्ही बातम्या एकाच दिवशी मिळाल्या आणि दोन्हींना मी सारखाच चेहरा केला.

दवाखान्यात त्यांना विचारलं, "शिट्टी हातात होती. वाजवली का नाहीत?"

"वाजवली असती तर तू मासा टाकून आली असतीस."

"असतेच."

"म्हणूनच."

"तुम्ही मेला असतात तिथे."

"खुब्याने कोणी एवढ्यात मरत नाही. एक सकाळ तुला पुरी मिळू दे म्हटलं. नेहमी अर्ध्यात उठवतो तुला." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आणि मलाही बघायचा होता तो मासा."

मी त्यांच्यावर एवढी ओरडले की नर्स आली. आणि मग त्यांचा हात धरून बसले, कारण दुसरं काय करणार.

पण त्यांनी काय केलं ते त्यांना कळलेलं नाही. आजवर शिट्टी वाजली नाही म्हणजे सगळं ठीक, एवढा तरी मला भरवसा होता. त्याच्यावर माझं ते एवढंसं पाणी उभं होतं. आता शिट्टी वाजली नाही तरी मी धावत जाऊन बघते. या दोन आठवड्यांत कयाक पाण्याला लागलेली नाही. तिसऱ्या धक्क्यापर्यंतसुद्धा नाही. मी शिवणकामाचं मशीन स्वयंपाकघरात आणलंय, म्हणजे ते दिसत राहतात. त्यांनी मला मोकळं करायला म्हणून जे केलं त्यानेच मी पुरती अडकले.

काल त्यांनी फोन मागितला आणि तुला लावला. यावेळी तू उचललास. तुझं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण त्यांचं आलं आणि ते मी लिहून ठेवते आहे, कारण तू विसरशील.

"हो, मीच. नाही, मेलो नाही. ऐक. तुझी बायको अंतिम फेरीत आली आहे. तू आलास का कधी त्या फेरीत?... नाही ना. मग तू ये आणि माझ्याजवळ बस... कसले पाहुणे? मासेमारीला नेतोस ते? त्यांना सांग मासे पुढच्या आठवड्यातही असतील. मी असेनच असं नाही... नाही, तिने सांगितलं नाही मला बोलायला. ती इथे बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे."

मी खरंच वटारत होते. मला त्यांनी तुझ्याकडे हात पसरलेला आवडला नाही. पण फोन मी काढूनही घेतला नाही.

लावॉन


१५ ऑक्टोबर, गुरुवार. टेबलावर

रॉइस,

सकाळी वाटेतल्या डोथनवरून तुझा फोन आला तेव्हा तू येतोयस याची खात्री पटली, मग कयाक गाडीवर चढवली. मिस जूलीन दुपारपर्यंत बसेल. तू आलास की ती लगेच जाईल. थांब म्हणू नकोस, मी विचारून झालंय.

सकाळच्या गोळ्या दिल्यात. रात्रीच्या निळ्या डबीत. लापशी पातळ कर, लोणी जास्त घाल, आणि तुझ्या आईचं नाव निघालं तर वाद घालू नकोस. दुपारी ते वाईट बोलतील. तेव्हा पाय दुखत असतो. चालताना त्यांच्या डाव्या बाजूला राहा, पण दंड धरू नकोस, त्यांना चालत नाही. कमरेचा पट्टा धर.

तुझी नवी कयाक आणली असशीलच. ते झोपले की खुशाल पाण्यात उतर. कमळपानांशी सकाळी मिळतात, धक्क्याखाली दुपारी. शेडजवळच्या गवतात माझा एक आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

एक लांब शिट्टी म्हणजे सवडीने, दोन आखूड म्हणजे आत्ताच. लाल शेडच्या पुढे ऐकू येत नाही. म्हणजे आता तुझंही पाणी तेवढंच. आणि हे नीट वाच: गरज असली तरी ते वाजवतीलच असं नाही. म्हणून नुसतं ऐकून भागत नाही. दर थोड्या वेळाने मान वळवून खुर्चीकडे बघावं लागतं. मासा लागलेला असला तर जास्तच.

जांभळी काठी मी घेऊन चालले आहे.

निघताना पॉपनी शिट्टी काढून मला देऊ केली. "तिथलं पाणी मोठं आहे, तुझ्या जॅकेटला लाव." मी परत त्यांच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, मी दुसरी घेतली आहे. घेतलेली नाही, वाटेत घेईन. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, आणि म्हणाले, "काठी नाकाकडे धर."

दोन दिवसांची स्पर्धा आहे. हे शब्द तुझ्या ओळखीचे आहेत. तू गेलास तेव्हा कधी येणार ते कुणालाच खरं सांगितलं नव्हतंस. मी कधी येणार ते पॉपना खरं सांगून ठेवलंय. तुला जाणून घ्यायचं असेल तर त्यांच्याजवळ खुर्ची ओढ, बस, आणि विचार.

लावॉन